कोणाचे पुढे? अंतराळयानांच्या दिशा आणि जोडणी

दोन गाड्या एकमेकींना कशा जोडतात, हे डिलाईल रोडवरच्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही. या रस्त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग असे झाले असले, तरी लोकांच्या तोंडी तो डिलाईल रोडच राहिला आहे. आणि त्याच्या कडेला लोअर परळचा रेल्वेचा कारखाना आहे. डबे दुरुस्तीला येणार, सुटे होणार, पुन्हा जोडले जाऊन बाहेर पडणार, हा क्रम येथील कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. याच रस्त्यावर एके काळी अपोलो नावाची गिरणीही होती. आज ज्या अपोलोचा उल्लेख पुढे येणार आहे तो अर्थात निराळा; परंतु अंतराळयानांची जोडणी हा विषय या वस्तीला अगदीच परका नाही, एवढे त्यावरून म्हणावयास हरकत नाही.

हा विषय आम्हांला सुचला तो एका खेळामुळे. आमच्या ओळखीच्या एका घरातील बारा-तेरा वर्षांचा मुलगा सुट्टीत संगणकावर एक खेळ खेळत होता. ‘स्पेसएक्स’ या अमेरिकन कंपनीने आपले यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला कसे जोडतात त्याची ही नक्कल 2020 साली सर्वांसाठी खुली केली. समोर स्थानकाचे चित्र, मध्यभागी आकडे, डाव्या बाजूला यान सरकवण्याची बटणे, उजव्या बाजूला यान वळवण्याची बटणे. मधले हिरवे आकडे 0.2 च्या खाली आणून अगदी सावकाश स्थानकाला भिडायचे, म्हणजे जोडणी झाली. ऐकायला सोपे, पण त्या मुलाचे यान दर वेळी जवळ जाता जाता गरगरू लागे आणि स्थानक पडद्यावरून निसटून जाई. त्याचे आजोबा रेल्वेच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेले. ते मागे बसून पाहत होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारले, “अरे, मघापासून पुढं पुढं करतोयस, ते कोणाचं पुढं? तुझं का त्याचं?”

आजोबांना अंतराळविज्ञान ठाऊक नव्हते. परंतु त्यांच्या प्रश्नात या साऱ्या विषयाचे मर्म आले आहे. जोडणी यंत्राने होते हे खरे. पण त्याच्याही आधी ती संकेताने होते. दिशा कोणाच्या धरायच्या, हलायचे कोणी आणि स्थिर राहायचे कोणी, कोणती बाजू कोणत्या बाजूला भिडवायची, या गोष्टी ठरलेल्या नसतील तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. हे कसे, ते आता क्रमाने पाहू.

मानेचे तीन चाळे

प्रथम यान किती प्रकारांनी हलू शकते ते समजून घेतले पाहिजे. यासाठी उपकरण लागत नाही. आपली मान पुरे आहे. ‘हो’ म्हणताना आपण मान खाली-वर करतो. यानाचे नाक असे खाली-वर झाले की त्याला ‘पिच’ म्हणतात. ‘नाही’ म्हणताना मान डावी-उजवीकडे फिरते, ते ‘यॉ’. आणि कान खांद्याकडे नेत आपण मान कलती करतो; यान असे स्वतःच्या लांबीभोवती कलले की तो ‘रोल’. वळण्याचे हे तीन प्रकार झाले. शिवाय न वळता सरकण्याचे तीन: पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली. एकूण सहा. रुळावरच्या डब्याला यांतला एकच प्रकार मोकळा असतो, पुढे आणि मागे. बाकीचे पाच रुळांनी बंद करून टाकलेले असतात. रुळांचा खरा उपयोग हाच. अंतराळात रूळ नाहीत, म्हणून सहाही हालचाली एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

त्यात आणखी एक अडचण. कॅरमच्या बोर्डावर कितीही पावडर टाकली तरी सोंगटी थोड्या वेळाने थांबतेच, कारण घर्षण असते. अंतराळात ते नाही. एकदा बटण दाबून यान डावीकडे वळू लागले की बोट काढल्याने ते थांबत नाही. उजवीकडचे बटण तितकेच दाबावे तेव्हा थांबते. नवशिक्याची चूक येथेच होते. यान वळत नाहीसे वाटून तो पुन्हा पुन्हा बटण दाबतो, वेग साठत जातो, आणि मग तो आवरत नाही. खेळातील त्या मुलाचे यान गरगरत होते ते यामुळेच.

ओळंबा जेथे लटकत नाही

आता दिशांकडे वळू. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंबा सोडून पाहतो. ओळंबा ज्या बाजूला लटकेल ती खाली आणि तिच्या उलट ती वर. हा निर्णय पृथ्वी करते. गवंड्याचे मत विचारले जात नाही. पण पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात ओळंबा सोडला तर तो हातातल्या हातात तरंगत राहतो. पृथ्वीची ओढ तेथे नाही असे नव्हे. ती भरपूर आहे, पण यान, माणूस आणि ओळंबा हे तिघेही तिच्यामुळे एकत्रच पडत असतात, म्हणून ओळंब्याला वेगळे सांगण्यासारखे काही उरत नाही. अशा ठिकाणी ‘वर’ ही सापडणारी वस्तू राहत नाही; ती ठरवावी लागते.

आणि ठरवण्याच्या रीती एकाहून अधिक आहेत. पहिली रीत अशी की यानाचे स्वतःचे ‘वर’ धरायचे: चालकाच्या डोक्याकडची बाजू ती वर. दुसरी रीत पृथ्वीच्या हिशेबाने: पृथ्वीच्या केंद्राकडे खाली, प्रवासाच्या दिशेला पुढे. तिसरी रीत, ज्याला जोडायचे त्या दुसऱ्या यानाच्या हिशेबाने. तिन्ही रीती बरोबर आहेत. चूक होते ती मनात एक रीत ठेवून हाताने दुसरी चालवल्यामुळे.

खेळ बनवणाऱ्यांनाही यातून सुटका नसते, आणि प्रत्येकाने आपली निवड केलेली दिसते. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी 1984 साली तयार केलेल्या ‘एलीट’ या खेळात स्थानक स्वतःभोवती फिरत असते आणि त्याच्या एका बाजूस अरुंद फट असते. ती फट नेहमी ग्रहाकडे तोंड करून असते, हा त्या खेळाचा संकेत. तो ठाऊक असलेला खेळाडू ग्रह आणि स्थानक यांच्यामध्ये जातो, स्थानकाकडे तोंड वळवतो आणि फट ज्या गतीने फिरते त्याच गतीने आपले यान कलवत आत शिरतो. ज्याला तो ठाऊक नसतो, तो दार शोधत स्थानकाभोवती घिरट्या घालतो. 2011 साली आलेल्या ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या मेक्सिकोत बनलेल्या खेळात पडद्याच्या खालच्या बाजूस एक गोळा असतो, अर्धा निळा, अर्धा तपकिरी. निळा म्हणजे आकाशाची बाजू, तपकिरी म्हणजे जमिनीची. यान कसेही उलटेसुलटे झाले तरी हा गोळा ग्रहाच्या हिशेबाने वर-खाली सांगत राहतो. मात्र जोडणीच्या वेळी वेगाचे माप ग्रहाच्या हिशेबावरून दुसऱ्या यानाच्या हिशेबावर आणावे लागते; ते विसरले तर समोरचे यान स्थिर दिसत असताना आकडा मात्र भरमसाट वेग दाखवतो.

डावा-उजवा पीळ

येथे एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. दिशा आकड्यांत मांडण्यासाठी तीन अक्ष घेतात. विमानविद्येत पहिला अक्ष नाकाकडे, दुसरा उजव्या पंखाकडे आणि तिसरा खाली पोटाकडे घेण्याची पद्धत रूढ आहे. म्हणजे तेथे ‘खाली’ अधिक आणि ‘वर’ उणे! उलट मार्टिन श्वायगर यांनी तयार केलेल्या आणि 2000 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘ऑर्बिटर’ या नकलेत पहिला अक्ष उजवीकडे, दुसरा वर आणि तिसरा पुढे आहे. हा फरक नुसता नावांचा नाही. विमानविद्येची मांडणी उजव्या हाताची आहे, ऑर्बिटरची डाव्या हाताची.

हाताची म्हणजे काय, हे गिरणगावात समजावणे सोपे आहे. सुताला पीळ दोन प्रकारचा असतो. सूत उभे धरले असता तंतूंचा तिरपेपणा इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या मधल्या रेघेसारखा दिसला तर तो एस पीळ, ‘झेड’च्या मधल्या रेघेसारखा दिसला तर झेड पीळ. आता ते सूत उलटे करा, वरचे टोक खाली न्या. एस पीळ एसच राहतो. कसेही फिरवा, त्याचा झेड होत नाही. तो आरशात मात्र होतो. अक्षांच्या दोन मांडण्यांतही असेच आहे. एकीचे आकडे जसेच्या तसे दुसरीत घातले तर जे यान डावीकडे कलायचे ते उजवीकडे कलेल, आणि नुसते फिरवून ही चूक दुरुस्त होणार नाही. ‘डावा पीळ’, ‘उजवा पीळ’ अशा शब्दांनी घोटाळा होई, म्हणून वस्त्रोद्योगाने ही दोन अक्षरे पत्करली. कोणत्याही टोकाकडून पाहिले तरी अर्थ बदलू नये, हेच चांगल्या संकेताचे लक्षण होय.

बावट्याची भाषा

आजोबांच्या प्रश्नाला उत्तर रेल्वेने फार पूर्वी शोधून ठेवले आहे. शंटिंगच्या वेळी खाली उभा असलेला माणूस इंजिनाच्या चालकाला बावट्याने खुणा करतो. आपण त्या जागी असतो तर ‘पुढे’ आणि ‘मागे’ अशा दोन खुणा ठेवल्या असत्या. पण इंजिनाचे पुढे कोणते? तोंड एकीकडे, जायचे दुसरीकडे, चालक तिसरीकडे वाकून पाहतो आहे, अशी स्थिती यार्डात नित्याची असते. म्हणून रेल्वेच्या नियमांत पुढे-मागे नाहीच. हिरवा बावटा वर-खाली हलला तर अर्थ ‘माझ्यापासून दूर जा’. अंगाच्या आडवा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलला तर अर्थ ‘माझ्याकडे ये’. आणि बावटा एका हातात धरून दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांच्या जवळ आणि दूर केले की अर्थ ‘जोडणीसाठी सावकाश ये’. सगळ्या दिशा खुणा करणाऱ्या माणसापासून मोजलेल्या आहेत. तो जागेवर उभा आहे आणि जोडणीची जागा त्याच्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून मूळ तो.

अंतराळातील जोडणीतही हेच तत्त्व लागू केले आहे. दोन यानांपैकी एकाला ‘लक्ष्य’ ठरवतात, दुसऱ्याला ‘पाठलाग करणारे’. लक्ष्याने आपली दिशा घट्ट धरून राहायचे. सगळी मापे लक्ष्याच्या जोडमुखापासून घ्यायची. हलायचे ते पाठलाग करणाऱ्याने. खेळात ‘अंतर’ म्हणून जो आकडा दिसतो तो याच मुखापासूनचा असतो. दोघांनीही एकमेकांसाठी हलायचे ठरवले तर काय होते, याचा अनुभव अरुंद जिन्यावर समोरासमोर येऊन एकदम एकाच बाजूला सरकणाऱ्या दोन माणसांना असतोच.

गलबतांचा आणि जहाजांचा संकेतही याच जातीचा. रात्री जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. समोरून लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे दिसले तर ते जहाज सरळ आपल्याकडे येत आहे. आणि त्याचा हिरवा दिवा आपल्या डाव्या हाताला दिसेल, कारण समोरच्याचे उजवे ते आपले डावे. पुढे विमानांनीही हेच रंग घेतले. अंधारात जहाजाचा सांगाडा दिसत नसतानाही त्याचे तोंड कोठे आहे हे दोन ठिपक्यांवरून कळते, ते केवळ सर्वांनी एकच रीत मान्य केली म्हणून.

गाठायचे असेल तर मागे राहा

दिशा ठरल्या, तरी नाक लक्ष्याकडे करून जोर लावला की पोहोचलो, असे होत नाही. जून 1965 मध्ये ‘जेमिनी 4’ या यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या मागे पडलेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. त्यांनी नाक त्याच्याकडे करून जोर दिला, पण तो टप्पा जवळ येण्याऐवजी लांब जाऊ लागला. बरेच इंधन खर्ची पडले आणि नाद सोडावा लागला. कारण असे की पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पुढच्या दिशेला वेग वाढवला की यान वरच्या कक्षेत चढते, आणि वरच्या कक्षेतील फेरी अधिक वेळाची असते. म्हणजे शेवटी आपण मागेच पडतो. उलट वेग थोडा कमी केला तर यान खाली उतरते, फेरी लवकर पुरी होते आणि ते पुढच्याला गाठते. म्हणून दूरवरून पाठलाग करायचा तो पृथ्वीच्या हिशेबाने, वर-खालच्या कक्षा निवडून. आणि शेवटचे काही मीटर उरले की मग लक्ष्याच्या हिशेबाने, सरळ रेषेत, मुंगीच्या पावलांनी. कोणत्या टप्प्यावर कोणता हिशेब धरायचा आणि एकातून दुसऱ्यात कधी जायचे, हे ज्याला साधले त्याला खेळ साधला.

दोन उजवे हात

आता प्रत्यक्ष जोड. सुरुवातीच्या यानांत एकाला दांडा आणि दुसऱ्याला नरसाळ्यासारखा खोलगट भाग असे. दांडा नरसाळ्यात शिरला की घसरत घसरत मध्यभागी येऊन अडकतो. थोडी चूक असली तरी नरसाळे ती सांभाळून घेते. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत हीच पद्धत होती. पण तिच्यात एक उणीव आहे. दोन्ही यानांना दांडेच असले तर? अमेरिकेचे अपोलो आणि रशियाचे सोयुझ यांच्या भेटीचा बेत ठरला तेव्हा हाच प्रश्न आला. त्यावर उत्तर म्हणून दोन्ही बाजूंना सारख्याच आकाराची कडी बसवण्याचे ठरले. कडीवर पाकळ्या अशा रीतीने ठेवायच्या की एकीची पाकळी दुसरीच्या खाचेत बसावी. 17 जुलै 1975 रोजी ही जोडणी झाली आणि टॉमस स्टॅफर्ड व अलेक्सी लिओनोव्ह यांनी उघड्या दारातून हस्तांदोलन केले.

ते हस्तांदोलनच या कडीचे उत्तम स्पष्टीकरण आहे. दोन माणसे समोरासमोर उभी राहून दोघेही उजवा हात पुढे करतात आणि हात बरोबर जुळतात. एकाने उजवा आणि दुसऱ्याने डावा पुढे केला तर जुळत नाहीत. दोन्ही हात एकाच जातीचे, फक्त एकमेकांकडे तोंड केलेले. म्हणून कोणाशीही कोणाचेही जुळते. रेल्वेच्या नव्या डब्यांना जे मधले कपलिंग असते त्याची कल्पनाही हीच. अमेरिकेच्या एली जॅनी यांनी 1873 साली त्याच्या मूळ रूपाचे पेटंट घेतले. बोटे वळवलेला उजवा हात दुसऱ्याच्या तशाच उजव्या हातात अडकवावा, तसे ते अडकते. जुन्या पद्धतीत दोन डब्यांच्या मध्ये, बफरांच्या खाली शिरून साखळी आणि स्क्रू हाताने आवळावा लागे. त्या जागी उभ्या असलेल्या माणसाचा जीव बावट्याच्या एका चुकीच्या खुणेवर टांगलेला असे. हे आजोबांच्या पिढीला सांगावयास नको. त्यांनी ते हातांनी केले आहे. आपोआप अडकणाऱ्या कपलिंगने माणसाला त्या फटीतून बाहेर काढले. संकेताला आम्ही एवढे महत्त्व का देतो, ते यावरून ध्यानात येईल.

पुढे 2010 साली अंतराळ स्थानक चालवणाऱ्या देशांनी जोडमुखाचे एक सामाईक मोजमाप प्रसिद्ध केले. कड्यांचा व्यास किती, पाकळ्या किती, कड्या कोठे अडकाव्यात, हे त्यात ठरवून दिले आहे. हेतू असा की उद्या एखाद्या यानावर संकट आले तर मदतीला जाणारे यान कोणत्याही देशाचे असो, त्याचे तोंड जुळले पाहिजे.

सेकंदाला एक सेंटिमीटर

भारताने हे कौशल्य मिळवले ते 2025 साली. 30 डिसेंबर 2024 रोजी पी. एस. एल. व्ही.-सी 60 या अग्निबाणाने श्रीहरिकोट्याहून ‘स्पेडेक्स’ची दोन उपग्रहयाने सोडली. या जातीच्या अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्याला ‘विकास’ इंजिन असते, आणि ती इंजिने आपल्या मुंबईतच, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनत आली आहेत. दोन्ही यानांचे वजन प्रत्येकी सुमारे 220 किलो. एक पाठलाग करणारे, दुसरे लक्ष्य. जमिनीपासून सुमारे 475 किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने ती पृथ्वीभोवती फिरत होती. दोघांची जोडमुखे सारखीच, 450 मिलिमीटर व्यासाची. म्हणजे ‘दोन उजवे हात’ याच पद्धतीची.

जवळ येण्याचा बेत टप्प्याटप्प्यांचा होता: 5 किलोमीटर, दीड किलोमीटर, 500 मीटर, 225 मीटर, 15 मीटर, 3 मीटर. प्रत्येक टप्प्यावर थांबायचे, सर्व मापे तपासायची, ती ठीक असतील तरच पुढे. जोडणी प्रथम 7 जानेवारीला व्हायची होती. ती पुढे ढकलली, पुन्हा एकदा ढकलली. 12 जानेवारीला याने 15 मीटरवर आणि मग 3 मीटरवर आली, आणि तेथून मुद्दाम मागे घेण्यात आली. वर्तमानपत्रे वाचणाऱ्या पुष्कळांना तेव्हा वाटले की काही बिनसले. वस्तुतः हातातोंडाशी आलेले काम मापे पडताळण्यासाठी सोडून मागे सरणे हीच या विद्येतील शिस्त आहे. 16 जानेवारी 2025 रोजी जोडणी झाली. शेवटचा वेग सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर एवढाच ठरवलेला होता. म्हणजे तीन मीटर अंतराला पाच मिनिटे! साडेसात किलोमीटरचा वेग आणि एक सेंटिमीटरचा वेग एकाच वेळी खरे होते. पहिला पृथ्वीच्या हिशेबाने, दुसरा लक्ष्याच्या हिशेबाने. अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यानंतर हे साधणारा भारत चौथा देश ठरला. 13 मार्चला याने सुटी केली आणि 20 एप्रिलला ती पुन्हा जोडली. चंद्रावरची माती आणणे असो, की भारताचे स्वतःचे अंतराळ स्थानक उभारणे असो, दोन्ही कामांना हे कौशल्य लागणार आहे.

जेथे घोटाळा झाला

संकेत आणि शिस्त यांचे मोल ती बिघडल्यावर अधिक कळते. 16 मार्च 1966 रोजी नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी ‘जेमिनी 8’ यान ‘अजीना’ या लक्ष्ययानाला जोडले. अंतराळातील ही पहिलीच जोडणी. अर्ध्या तासाच्या आत जोडलेली याने फिरू लागली. दोष अजीनाचा असावा असे समजून त्यांनी ते सोडले, तर फिरणे वाढून जवळजवळ सेकंदाला एक फेरी झाली. दोष त्यांच्याच यानाच्या एका उघड्या राहिलेल्या झोताचा होता. जोडल्यावर दोन याने एकच वस्तू होतात, आणि ‘हे कोणाचे चालले आहे’ हे बाहेरून ओळखता येत नाही. आर्मस्ट्राँग यांनी परतीसाठी राखून ठेवलेले झोत वापरून यान आवरले, आणि नियमाप्रमाणे मोहीम तेथेच संपवून दोघे सुखरूप उतरले.

दुसरा प्रसंग 25 जून 1997 चा, आणि तो आपल्या खेळाच्या अधिक जवळचा. रशियाच्या ‘मीर’ स्थानकावरून वासिली त्सिब्लिएव्ह हे सामान आणणारे ‘प्रोग्रेस’ यान दूरवरून हातांनी चालवत होते. अंतर आणि वेग आपोआप मोजणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती. त्यांच्यासमोर होता एक पडदा आणि त्यावर येणाऱ्या यानातून दिसणारे मीरचे चित्र, तेही खालच्या पृथ्वीच्या पार्श्वभूमीवर मिसळून गेलेले. पडद्यावर वस्तू दूर असते तेव्हा ती फार सावकाश मोठी होते. वेग जास्त आहे हे डोळ्याला कळते तोवर थांबायला अंतर उरत नाही. यान ‘स्पेक्टर’ या भागावर आदळले, त्याला छिद्र पडले आणि हवा निसटू लागली. आत तिघे होते. त्यांनी दारातून गेलेल्या तारा तोडल्या, दार बंद केले आणि स्थानक वाचवले. त्या मुलाच्या पडद्यावर जे घडत होते तेच हे. फरक इतकाच की तेथे खेळ पुन्हा सुरू करण्याचे बटण नव्हते.

म्हणूनच अशा खेळांना आम्ही केवळ वेळ घालवण्याचे साधन म्हणत नाही. चूक जेथे फुकट करता येते अशी जागा माणसाला क्वचित मिळते. यार्डात ती मिळत नसे, मीरवर मिळाली नाही. खेळात ती मिळते. मात्र तेथे शिकायची गोष्ट बोटांची चपळाई नव्हे. शिकायचे ते हे, की हलण्याआधी विचारावे: मी कोणाच्या दिशा धरल्या आहेत? स्थिर कोण आहे? वेग कोणाच्या हिशेबाने मोजतो आहे? आणि समोरच्यानेही तेच धरले आहे ना?

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगून संपवतो. आजोबांनी त्याला खेळ शिकवला नाही. त्यांना तो येतच नव्हता. त्यांनी फक्त यार्डातली रीत सांगितली: “आधी उभं कर. मग सरळ कर. मग सावकाश ये.” मुलाने प्रथम यानाचे फिरणे पूर्ण थांबवले. मग ते स्थानकाच्या हिशेबाने सरळ केले. मग एकेक बटण दाबून, प्रत्येक वेळी वाट पाहून, ते पुढे सरकवले. बराच वेळ गेला. मधे घरातल्यांनी दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी यान स्थानकाला भिडले आणि पडद्यावर यशाची अक्षरे उमटली. आजोबांचे दोन्ही हात तोवर डोक्यावर गेले होते आणि सावकाश एकमेकांजवळ येत होते. आपण काय करतो आहोत, हे बहुधा त्यांच्याही ध्यानात आले नसावे.